डीपीवरच्या चौदा रात्री आणि अर्जातले तीन रकाने

रावेर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने मला प्रश्न विचारला आहे. ती विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पदविका, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. सीजीपीए ७.६. तिसऱ्या सेमिस्टरला गणित राहिलं होतं, ते पुढच्या खेपेला सुटलं. प्रकल्प शेतीपंपांच्या डीपीवर, म्हणजे त्यांना वीज देणाऱ्या शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर केला. एक पेपर पैसे भरून छापला. एनएसएसची दोन शिबिरं केली आणि विभागाच्या विद्यार्थी संघटनेत ती सचिव होती. आता पॉवर सिस्टिम्समध्ये एमटेक किंवा संशोधनावरची एमएस करायची आहे. अर्जात शैक्षणिक, संशोधन आणि नेतृत्व असे तीन भाग भरायचे आहेत. ती म्हणते, "सर, पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे माझ्याकडे तिन्हींत सांगण्यासारखं काही नाही. काय लिहू?" सोबत अर्जाचा मसुदा आणि प्रकल्पाचा अहवाल जोडला आहे.

मी वीज वितरणात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा टेस्टिंगमध्ये. निवृत्त झाल्यापासून पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतींना बाहेरचा तज्ज्ञ म्हणून बसतो. त्यामुळे असे अर्ज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाचले आहेत. तुझा मसुदा वाचून जीव हळहळला. मग रात्री अहवाल उघडला आणि ३४व्या पानावरचा तक्ता पाहिल्यावर दिवा मालवायचं सुचेना. मसुदा लिहिणारी आणि तो तक्ता भरणारी मुलगी एकच आहे हे मसुद्यातून कुणाला कळणारच नाही, आणि तुझी खरी अडचण तेवढीच आहे.

मसुद्याचं पहिलं वाक्य आहे, "लहानपणापासून मला विजेबद्दल आकर्षण होतं." हे वाक्य दर दुसऱ्या अर्जात असतं. वाचणारा ते ओलांडूनच पुढे जातो. अहवालाच्या प्रस्तावनेत मात्र तू लिहिलंस की शेतीची लाइट रात्री बाराला यायची, वडील केळीच्या बागेत मोटर चालू करायला जायचे आणि सातवी-आठवीपासून बॅटरी धरून त्यांच्यापुढे तू चालायचीस. एकदा किटकॅटमधली, म्हणजे फ्यूजच्या चिनी मातीच्या खाचेतली, तार तीनदा उडाली, बागेला पाणी मिळालं नाही आणि वडील घरी येऊन कुणाशी न बोलता झोपले. हे तुझं आकर्षण. अर्ज इथून सुरू कर. तीन-चार ओळी पुरेत, त्यात हळवेपणा ओतायची गरज नाही.

आता तो तक्ता. एक १०० केव्हीए क्षमतेची डीपी, तिच्यावर प्रत्येकी १० एचपीच्या आठ बोअरच्या मोटरी, चौदा रात्री, तिन्ही फेजचा प्रवाह. रीडिंग चार वेळा घेतलेलं: लाइट आल्यावर पहिल्या मिनिटात, दहा मिनिटांनी, तासाभराने आणि पहाटे. शेवटच्या रकान्यात फ्यूज गेली की नाही याची नोंद. चौदांपैकी पाच रात्री गेली, आणि पाचही वेळा पहिल्या काही मिनिटांतच. एवढं करून निष्कर्षात तू लिहिलंस, "डीपीवर भार जास्त असल्याने फ्यूज वारंवार जाते." पोरी, तुझ्याच आकड्यांशी हे जुळत नाही. सहाव्या रात्रीचा एक आकडा सोडला तर तासाभराने तुझा प्रवाह १२५ ते १३५ अँपिअरच्या दरम्यान आहे. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ४३३ व्होल्टला पूर्णभार प्रवाह १३३ अँपिअर येतो. म्हणजे डीपी काठोकाठ भरलेली आहे, पण त्या स्थितीत रात्रभर फ्यूज जात नाही. ती जाते लाइट येताना.

का जाते, ते तुला ठाऊक आहे. प्रत्येक मोटरीवर ऑटो, म्हणजे लाइट येताच मोटर आपोआप चालू करणारा स्विच, बसवलेला आहे. शेतकरी झोपेतून उठून शेतात जाऊ नये म्हणून बसवलेला, त्याला दोष देता येत नाही. लाइट आली की आठही ऑटो एकाच क्षणी मोटरी उठवतात. थेट सुरू होणारी मोटर सुरुवातीला पूर्णभाराच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. आठ मोटरींचा १३८ अँपिअर धरला तर तो सातशेच्या घरात जातो. ट्रान्सफॉर्मरची इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा आतला विरोध) साडेचार टक्के धर, म्हणजे ढोबळ हिशोबाने वीस टक्के व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या आतच पडतं. डीपीपासून मोटरीपर्यंतच्या लांब एलटी (कमी दाबाच्या) लाइनवर पडतं ते वेगळं. मोटरीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं की टॉर्क ६४ टक्क्यांवर येतो. मोटर वेग घ्यायला जास्त वेळ लावते, तेवढा वेळ मोठा प्रवाह वाहत राहतो आणि सगळ्यात कमजोर फ्यूज वितळते. मग दोन फेजवर राहिलेल्या मोटरी गुरगुरतात, कुणाची वाइंडिंग जळते, आणि सकाळी सगळे मिळून वायरमनला फोन करतात.

म्हणजे तुझ्या तक्त्यात भाराच्या प्रमाणापेक्षा भाराच्या वेळेचा प्रश्न दडलेला आहे. संशोधन या शब्दाची तुला भीती वाटते म्हणून सांगतो: सगळे एक कारण सांगत असताना मोजमापाने दुसरं कारण पुढे आणणं, याला संशोधन म्हणतात. ते तू केलंस, फक्त निष्कर्ष लिहिताना गावातल्या समजुतीकडे परत गेलीस.

पण इथेच एक सावधगिरी. टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखं धरून प्रवाह मोजायच्या मीटरने) पहिल्या मिनिटात घेतलेलं रीडिंग म्हणजे सुरुवातीचा प्रवाह नव्हे. तो काही सेकंदांचा खेळ असतो आणि तू वापरलेलं साधं मीटर तो पकडू शकत नाही. म्हणून अर्जात "आम्ही सुरुवातीचा प्रवाह मोजला" असं लिहू नकोस. "स्थिर प्रवाह मोजला, सुरुवातीचा प्रवाह त्यावरून काढला" असं लिही. मोजलेलं आणि हिशोबाने काढलेलं वेगळं ठेवणारा विद्यार्थी समितीला पाच मिनिटांत ओळखू येतो. मीटर कोणतं होतं, त्याची अचूकता किती, ते खरं आरएमएस दाखवणारं होतं की नाही, किती रीडिंग चुकली, हेही दोन ओळींत येऊ दे. तुला वाटतं त्रुटी सांगितल्या तर गुण कमी होतील. माझ्या अनुभवात उलट घडतं. ज्या अहवालात एकही रीडिंग चुकलेलं नाही, तो मी संशयानेच उघडतो.

दुसरी जागा कपॅसिटरची, लाइनवरचा प्रवाह कमी करायला मोटरीला जोडतात त्याची. तू हिशोब मांडलास: १० एचपी म्हणजे ७.४६ किलोवॉट, कार्यक्षमता ८० टक्के धरून इनपुट ९.३ किलोवॉट, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या केव्हीएत खऱ्या कामाच्या किलोवॉटचा वाटा) ०.७५ असताना १२.४ केव्हीए. तो ०.९५ करायला ५.१ केव्हीएआरचा कपॅसिटर हवा. गणित बरोबर आहे. मुलाखतीत माझ्यासारखा कुणी विचारेल, "मग ५.१चाच का लावत नाहीत?" याचं उत्तर तुझ्या अहवालात नाही. लाइट गेल्यावर मोटर काही क्षण फिरत राहते. मोटरीच्या टोकांवर कायम जोडलेला कपॅसिटर तिच्या मॅग्नेटायझिंग गरजेपेक्षा मोठा असेल, तर मोटर स्वतःच जनरेटरसारखी वागून टोकांवर भलतं व्होल्टेज उभं करू शकते. म्हणून तो त्या गरजेच्या साधारण ९० टक्क्यांच्या आत ठेवतात. अशा मोटरीला चार केव्हीएआरच्या आसपास थांबलीस तर पॉवर फॅक्टर ०.९१ पर्यंत येतो आणि मोटरीमागे भार १०.२ केव्हीएवर उतरतो. १७ अँपिअरच्या जागी १४. तेवढ्यानेही लाइनमधला लॉस तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो, कारण तो प्रवाहाच्या वर्गावर चालतो. आठ मोटरींनी काठोकाठ भरलेल्या डीपीला श्वास घ्यायला जागा मिळते. हा भाग नव्याने लिही आणि मुलाखतीआधी स्वतःच्या हाताने तीनदा सोडव.

पुढे काय करायचंय, हा प्रश्न प्रत्येक संशोधन अर्जात असतो, आणि तिथे तू "स्मार्ट ग्रिड आणि कृत्रिम बुद्धिमत्ता" असं लिहून मोकळी झाली आहेस. ते खोडून टाक. तुझ्याकडे त्याहून चांगला प्रश्न दारात उभा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. शेतीची वाहिनी सौरऊर्जेवर घ्यायची आणि शेतकऱ्याला दिवसा लाइट द्यायची हा तिचा हेतू, आणि तो अगदी योग्य आहे. रात्री साप-विंचवात, बिबट्याच्या भीतीत बारे द्यायला जाणाऱ्या माणसाची त्यातून सुटका होते. पण तुझ्या डीपीच्या दृष्टीने विचार कर. रात्रीच्या गारव्यात वाहणारा भार आता दुपारी येणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनबद्दल ढोबळ नियम आहे की सर्वांत गरम जागेचं तापमान दर सहा ते आठ अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. काठोकाठ भरलेली डीपी भर उन्हात आठ तास चालली तर ऑइल किती तापतं? मोटरी काही मिनिटांच्या अंतराने उठवल्या तर काय फरक पडतो? ऑटोमध्ये प्रत्येकाला वेगळा डिले दिला तर फ्यूज जायची थांबते का? हे प्रश्न रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात बसूनच सुचतात. इथली मुलगी ते विचारते तेव्हा समिती कान देऊन ऐकते. सध्या तुमच्याकडे लाइट आलटून पालटून दिवसा आणि रात्री मिळते, तेव्हा दिवसपाळीची रीडिंगही घे. तीच डीपी, त्याच मोटरी, वेगळं हवामान. तुलनेसाठी याहून सोपी मांडणी कुठे मिळणार?

"आमच्या भागात संशोधनासारखं काही नाही" असं तू लिहिलंस, त्याचंही मला आश्चर्य वाटलं. रावेरहून गाडीने भुसावळला उतर. तिथे विद्युत लोको शेड आहे, वर २५ केव्हीची तार आहे. शेजारी दीपनगरला ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत. धुळ्याकडे ७६५ केव्हीचं उपकेंद्र आहे, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, आणि ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. निर्मिती, पारेषण, वितरण, रेल्वे ट्रॅक्शन, सौर आणि पवन, सगळं एका खान्देशात. मात्र यांपैकी जिथे तुझी फक्त औद्योगिक सहल झाली आहे, त्या भेटी संशोधनाच्या भागात घालू नकोस. मसुद्यात तू दीपनगरची भेट तिथेच घातली आहेस. भेटीत तू ऐकलंस, मोजलं काहीच नाही. ती ओळ काढ.

शैक्षणिक भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. गुणपत्रिका त्यांच्याकडे असतेच, सगळे विषय पुन्हा लिहून पान भरू नकोस. गणिताची गोष्ट लपवायची नाही आणि तिच्यावर अर्धं पान रडायचंही नाही. पदविकेहून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं, आणि तिसऱ्या सेमिस्टरला लाप्लास आणि फूरिए एकदम अंगावर येतात. पदविकेची मुलं तिथेच अडखळतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक प्राध्यापकाला माहीत आहे. समितीला मात्र ते ठाऊक असेलच असं नाही. म्हणून एवढंच लिही: थेट प्रवेशामुळे पहिल्या वर्षाचं गणित सुटलं होतं, तिसऱ्या सेमिस्टरला विषय राहिला, मी ते गणित स्वतः मागून पूर्ण केलं, आणि त्याच गणितावर उभ्या असलेल्या कंट्रोल सिस्टिममध्ये मला ९ ग्रेड पॉइंट मिळाले. तुझ्या गुणपत्रिकेत हे दिसतंय. त्यानंतरच्या सेमिस्टरचा चढ लक्षात येईल अशा प्रकारे लिही. ७.६ वाईट नाही. तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरना ६च्या आसपास असणारी मुलगी शेवटच्या दोन सेमिस्टरना साडेआठवर आहे, ही बातमी सरासरीत बुडते, म्हणून ती शब्दांत सांगावी लागते.

गेटबद्दल, म्हणजे एमटेक प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेबद्दल, तू काहीच विचारलं नाहीस, तरी बोलतो. देशातल्या बहुतेक चांगल्या संस्थांचा पहिला दरवाजा तोच आहे. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, आणि मिळालेला स्कोअर तीन वर्षं चालतो. संशोधनाच्या प्रवेशात गेट तुला मुलाखतीच्या खोलीपर्यंत नेतं, पुढचं काम तुझ्या अहवालाचं. त्यातही इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सला साधारण १३ गुण असतात. ज्या विषयाने तुला एकदा अडवलं, तोच इथे घट्ट केलास तर त्या जुन्या प्रसंगाबद्दल कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही.

पेपरबद्दल माझं मत कडक आहे. पैसे भरून दोन दिवसांत स्वीकारलेला पेपर म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेला पेपर नव्हे, आणि टेबलामागे बसलेल्या माणसाला जर्नलचं नाव पाहताच ते समजतं. तुझ्यावर मी रागावत नाही. कॉलेजात पेपर सक्तीचा असतो, गाइड म्हणतात "टाकून दे", आणि विद्यार्थी टाकतो. अर्जात त्याची एक साधी ओळ असू दे, "आंतरराष्ट्रीय" हे विशेषण काढून. लपवशील तर उद्या शोधून काढणारा विचारेल की लपवलंस का. पण तुझं संशोधन म्हणजे तो पेपर नव्हे. तुझं संशोधन त्या तक्त्यात आहे. त्याचा आठ पानी स्वच्छ तांत्रिक अहवाल तयार कर. कच्ची रीडिंग शेवटी जोड, डीपीचा आणि लाइनचा हाताने काढलेला नकाशा जोड, आणि अर्जासोबत तोच पाठव. प्रकल्पातल्या बरोबरच्या दोन मैत्रिणींनी आणि एका वर्गमित्राने काय केलं, ते नेमकं लिही. मसुद्यात सगळीकडे "मी" आहे, अहवालात सगळीकडे "आम्ही". समिती दोन्ही वाचणार आहे.

आणि आता नेतृत्व, ज्यावर तू सर्वांत कमी लिहिलंस आणि मला सर्वांत जास्त बोलायचंय.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याचा भाग, जूनचं वादळ होऊन गेलेलं, केळी आडव्या झालेल्या, ११ केव्हीची लाइन तीन ठिकाणी तुटलेली. मी कनिष्ठ अभियंता, हाताखाली नऊ माणसं. उपकेंद्रातून लाइनवर काम करायचं परमिट घेतलं, लाइन बंद असल्याची खात्री केली आणि सगळ्यात जुन्या वायरमनला पोलवर चढायला सांगितलं. गावकरी भोवती जमलेले, पाणीपुरवठा बंद, वरून फोनावर फोन. वायरमन जागचा हलला नाही. म्हणाला, "साहेब, पहिले आर्थिंग करा, मंग मी चढसू." मला राग आला. परमिट माझ्या खिशात होतं, तो सर्वांसमोर मला अडवत होता. तरी तार जमिनीशी जोडायचा डिस्चार्ज रॉड मागवला. रॉड तारेला लावताच डोळे दिपवणारा जाळ झाला. पलीकडच्या गावात एकाने जनरेटर चालू केला होता आणि त्याचं चेंजओव्हर (बाहेरची लाइन तोडून जनरेटर जोडणारा स्विच) चुकीचं जोडलेलं होतं. त्याचं ४४० व्होल्ट उलट्या दिशेने डीपीतून चढून लाइनवर ११ केव्ही होऊन बसलं होतं. त्या माणसाने माझं ऐकलं असतं तर वारला असता, आणि त्याचं कारण मी असतो. रात्री त्याच्या घरी जाऊन मी त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत माझी चूक माझ्या सहीने लिहिली. त्यानंतर माझ्या हाताखाली आर्थिंग न करता कुणी चढलं नाही.

त्या पोलखाली अधिकारी मी होतो आणि नेतृत्व त्याच्याकडे होतं. तेव्हापासून अर्जातलं "सचिव", "समन्वयक", "प्रमुख" हे शब्द मी पुढच्या वाक्याची वाट पाहत वाचतो. तुझ्या मसुद्यात पुढचं वाक्य नाही. "विद्यार्थी संघटनेची सचिव म्हणून अनेक कार्यक्रम आयोजित केले." कोणते, कुणासाठी, काय अडलं, तू काय ठरवलंस? अभियंता दिनाचं हार-तुऱ्यांचं आयोजन असेल तर ते एका ओळीत संपव.

कारण खरं नेतृत्व तुझ्या अहवालाच्या आभारपानात लपलं आहे. रात्री बारा ते पहाटे चारपर्यंत शेतात रीडिंग घ्यायचं होतं. तीन मुलींच्या घरून परवानगी मिळत नव्हती. तू तिन्ही घरच्या लोकांना एकत्र बसवलंस, रात्रीच्या जागरणाची पाळी लावलीस, प्रत्येक पाळीला कुणाच्या तरी घरचं मोठं माणूस बरोबर राहील असं ठरवलंस. आठ शेतकऱ्यांपैकी एकाने सुरुवातीला हाकलून दिलं, त्याला वाटलं तुम्ही जास्तीचा भार पकडायला आला आहात. त्याच्याकडे तू तीनदा गेलीस आणि शेवटी त्याच्याच ओट्यावर तुमचा चहा व्हायला लागला. दहाव्या रात्री तुझी मैत्रीण आजारी पडली तेव्हा तिच्या वाटची रीडिंग अंदाजाने भरायचा सल्ला कुणीतरी दिला, आणि तू तो रकाना कोरा ठेवलास. हे सगळं तू आभार मानताना, जाता जाता लिहिलंस. ते उचलून नेतृत्वाच्या भागात आण. कोरा रकाना तर नक्की आण. माझ्या मते तुझ्या सगळ्या अर्जातली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकली, आणि ती गुणांपेक्षा महत्त्वाची आहे. एका फोटोत तू डीपीच्या उघड्या पेटीत स्वतः टाँग टेस्टर लावताना दिसतेस, पायात चप्पल, बांधावर ओल. पेटी उघडून तिच्यात हात घालायचा अधिकार तुला नाही, मलाही आज नाही. ते काम वायरमनचं, तेही हातमोजे घालून. तो फोटो अहवालातून काढ, पण एवढ्यावर थांबू नकोस. पुढची रीडिंग अधिकृत वायरमनच्याच हातून घे, आणि सुरुवातीच्या रात्री ही चूक झाली, मग पद्धत बदलली, असं अहवालात लिही. चूक ओळखून पद्धत बदलणारा माणूस मी प्रयोगशाळेत डोळे मिटून घेईन.

शिफारसपत्रांबद्दल. आपल्याकडे सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग मुलं नेटवरून उचलतात आणि तीन वेगळ्या सरांची पत्रं एकाच भाषेत येतात. पत्र लिहून नेऊ नकोस. त्याऐवजी सरांना एका पानावर मुद्दे काढून दे: प्रकल्पात त्यांनी तुला कधी अडवलं, तू काय दुरुस्त केलंस, कोणत्या तारखेला काय दाखवलंस. पत्र त्यांनाच लिहू दे. आणि प्राचार्यांच्या सहीमागे धावू नकोस. तुला ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या व्याख्यात्याचं पत्र तुला न ओळखणाऱ्या मोठ्या माणसाच्या पत्रापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं.

इंग्रजीची तुला धास्ती आहे. पहिला मसुदा मराठीत लिही, घरी जसं बोलता तसा. मग त्याची लहान-लहान इंग्रजी वाक्यं कर. एका वाक्यात एक गोष्ट. तुझ्या सध्याच्या मसुद्यात पाच ओळींचं वाक्य आहे आणि त्यात क्रियापदच हरवलंय. मुलाखतीत प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग, कागद-पेन माग, सर्किट काढून बोल. आकृती नीट काढणाऱ्याचं व्याकरण कुणी मोजत नाही. केव्हीए आणि केडब्ल्यूतला फरक, पर युनिट का वापरतात, स्टार-डेल्टाने सुरुवातीचा प्रवाह एक तृतीयांश का होतो आणि टॉर्कही तेवढाच का उतरतो, हे तुझ्या प्रकल्पातूनच निघणारे प्रश्न आहेत. ते तुला विचारतीलच असं समजून चाल.

येत्या आठवड्यात एवढं कर. आधी तीनही भागांत ती एकच डीपी ठेवून नवा मसुदा लिही: शिकताना काय कमी पडलं आणि ते कसं भरलं, डीपीवर काय मोजलं, आणि ते मोजायला माणसं कशी जमवली. दोन पानांच्या वर जाऊ नकोस. मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

आणि एक राहिलं. तक्त्यात सहाव्या रात्री आर फेजचा प्रवाह तासाभराने ९४ दिसतो, वाय आणि बी मात्र १३०च्या वर आहेत. लिहिताना आकडा चुकला, एक मोटर बंद होती, की कुणी सिंगल फेजवर काहीतरी चालवत होतं? त्या रात्री पाळीवर कोण होतं ते वहीत बघ, वायरमनला विचार, आणि कळलं तर मसुद्यासोबत लिहून पाठव.